दोन सीटांच्या, टप उघडणाऱ्या गाडीत कुत्र्याला न्यायचं का? नेत असाल तर कसं बसवता?

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात असलेली माझ्दा एमएक्स-५ अखेर घरी आली. सेकंडहॅन्ड आहे, पण जपून वापरलेली. मागे सीट नाही आणि डिकीत दोन पिशव्या ठेवल्या की डिकी भरते, हे गाडी घेतानाच माहीत होतं. प्रश्न आहे राणीचा.

राणी आमची कुत्री. मिश्र जातीची, तीन वर्षांची, वजन १९ किलो. आधीच्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून शहाण्यासारखी बसायची. आता मी किल्ली उचलली की दाराशी जाऊन उभी राहते आणि मी एकटाच निघालो की जाळीतून बघत राहते. तिला घरी ठेवून निघायला जीव होत नाही. पण शेजारच्या सीटवर बसवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. समोर एअरबॅग, मध्ये गिअरचा दांडा, वर टप नाही.

बाहेर लोक बिनधास्त नेताना दिसतात. कुत्रं दारावर पंजे टाकून उभं, कान वाऱ्यावर. बघायला छान वाटतं, पण ते सुरक्षित आहे असं मला काही वाटत नाही. ज्यांनी स्वतः अशा गाडीतून कुत्री नेली आहेत त्यांनी सांगा. हे जमण्यासारखं आहे का? की राणीसाठी दुसरी गाडी आणि माझ्यासाठी ही, असं सरळ ठरवून टाकू?

रात्रपाळी

माझ्याकडे लहान कुत्रा आहे, सात-आठ किलोचा. मी त्याला शेजारच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत बसवतो. एअरबॅगच्या खाली राहतो, वारा लागत नाही, झोपून जातो. १९ किलोची मावेल का सांगता येत नाही, पण करून बघायला हरकत नाही.

वळणवेडी

चौथा_गिअर, नक्की जमतं. माझी आत्ताची बिजली आणि तिच्या आधीचा दादू, दोघंही माझ्या टप उघडणाऱ्या दोन सीटांच्या गाडीतूनच फिरले. बिजलीचं वजन तुमच्या राणीच्या आसपासच आहे, त्यामुळे माझं सांगणं तुम्हाला बरंचसं लागू पडेल. लांबलचक लिहिते आहे, कारण यातली एकेक गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे.

सगळ्यात आधी एअरबॅग. ती फुगते तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत बाहेर येते, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं. ती पट्टा लावून ताठ बसलेल्या मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशोबानं बनवलेली असते. कुत्र्याचं तोंड त्या जागी नसतं, पुढे आलेलं असतं. तेव्हा एअरबॅग बंद होत नसेल तर कुत्रं पुढच्या सीटवर बसणार नाही, इतका साधा नियम ठेवा. काही गाड्यांत किल्लीनं बंद करायची सोय असते, काहींत सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. सेन्सरवर भिस्त ठेवू नका. तो माणसाच्या बसण्याला जुळवलेला असतो. कुत्रं उठतं, वळतं, पुढच्या पायांवर भार टाकतं, आणि दिवा कधी ‘बंद’ दाखवतो तर कधी ‘चालू’. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत काय सोय आहे ते बघा, आणि चालू प्रवासात डॅशबोर्डवरचा दिवा ‘बंद’च दाखवतोय ना, यावर नजर ठेवा. सीट रुळावरून जितकी मागे जाईल तितकी मागे घ्या. परत माणूस बसणार असेल तेव्हा एअरबॅग चालू करायची आठवण म्हणून मी किल्लीलाच लाल रिबन बांधते.

मग बसायची जागा. स्पोर्ट्स गाडीची सीट कुत्र्यासाठी सगळ्यात गैरसोयीची असते. दोन्ही कडा उंच, पुढची बाजू वर, मागची खाली. माणसाचं ढुंगण त्यात घट्ट बसतं म्हणून ती तशी केलेली. कुत्रं बसलं की त्याचा मागचा भाग खड्ड्यात जातो, पुढचे पाय चढावर राहतात आणि प्रत्येक वळणाला ते घसरतं. दादूला मी सुरुवातीला जाड चादर टाकून बसवायचे. तो सतत चारी पायांनी तोल सावरत राहायचा, घरी आल्यावर पाणी पिऊन तसाच पसरायचा. मग कडक फोम कापून पाचर बनवून घेतली. मागे जाड, पुढे पातळ, दोन्ही कडांच्या मध्ये अगदी चपखल. वर न घसरणारं रबरी कापड. सीट सपाट झाली आणि त्याच दिवशी दादू प्रवासात पहिल्यांदा आडवा झाला. पुढची पाय ठेवायची जागाही भरून काढा. मी घट्ट भरलेली कपड्यांची बॅग तिथे ठोकून बसवते, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी पाय खाली जाऊन मुरगळत नाही.

रात्रपाळी, तुमच्या कुत्र्याला खालच्या जागेत आवडतं हे चांगलंच आहे, पण एक करून बघा. तासभर गाडी चालवल्यावर थांबा आणि तो बसतो तिथे, विशेषतः गिअरबॉक्सच्या बाजूच्या उंचवट्याला, उघडा तळहात लावा. माझ्या गाडीत तिथे हात ठेवून राहवत नाही. खालून गिअरबॉक्स आणि सायलेन्सरचा पाइप जातो, त्याची धग वर येते. कुत्र्याचं पोट त्याच पत्र्यावर टेकलेलं असतं. शिवाय तिथे त्याला बांधणार कशाला?

पट्ट्याविषयी. गळपट्ट्याला काहीही अडकवायचं नाही, कधीच नाही. छातीवर रुंद पट्टे असलेला, गाडीसाठी बनवलेला आणि प्रत्यक्ष धडक-चाचणी झालेला हार्नेस घ्या. दुकानात ‘गाडीसाठी’ म्हणून मिळणारे बरेचसे हार्नेस हे फिरायला न्यायचे हार्नेसच असतात, वर एक बकल शिवलेलं. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची संस्था अशा हार्नेसच्या आणि पिंजऱ्यांच्या चाचण्या घेते आणि पास झालेल्यांची यादी जाहीर करते, ती घेण्याआधी बघावी. रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या नकोत. त्या धडकेत कुत्र्याला आधी पुढे सोडतात आणि मग मागे फेकतात.

हिशोब करून बघा म्हणजे एवढं का म्हणते ते कळेल. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या जवळपास २० पट जोर येतो. १९ किलोची राणी त्या क्षणी पावणेचारशे किलोंची असते. प्लास्टिकचं बकल आणि बारीक शिलाई तिथे काय टिकणार!

पट्ट्याची लांबी अशी ठेवा की तिला बसता येईल, झोपता येईल, पण गिअरच्या दांड्यापर्यंत तोंड पोचणार नाही आणि दारावर पंजे टाकता येणार नाहीत. गाडीचा सीटबेल्ट एरवी सैल सुटत राहतो, धक्का बसला तरच अडकतो. काही गाड्यांत तो संपूर्ण बाहेर ओढला की ‘कट कट’ आवाज करत फक्त मागे जातो, पुढे येत नाही. मुलांच्या सीटसाठी केलेली सोय आहे ती. तुमच्या गाडीत असेल तर वापरा. आणि खिडकीची बटणं ड्रायव्हरकडून लॉक करून ठेवा, पंजा पडून काच वर यायला वेळ लागत नाही.

एवढी सगळी तयारी एका बाजूला, आणि तुम्ही गाडी कशी चालवता ते दुसऱ्या बाजूला. माझं ठाम मत असं की कुत्रं शेजारी असताना गाडीतली ‘स्पोर्ट्स’ बंद. वळण येतंय हे तुम्हाला आधी कळतं, कारण रस्ता तुम्ही बघताय आणि हात स्टिअरिंगवर आहेत. त्यामुळे तुमचं अंग आपोआप तयार असतं. कुत्र्याला वळण कळतं ते अंगावर जोर आल्यावर. अशी गाडी चांगल्या टायरवर इतक्या जोरात वळते की बाजूला ढकलणारा जोर शरीराच्या वजनाइतका होऊ शकतो. तुम्हाला सीटच्या कडा धरून ठेवतात. तिला फक्त नखं आहेत.

म्हणून ब्रेक सगळा सरळ रस्त्यावर, वळणाच्या बराच आधी, हलक्या पायानं. वळणात स्टिअरिंग एकदाच आणि सावकाश फिरवायचं, मध्ये दुरुस्त्या करायच्या नाहीत. बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू. गंमत म्हणजे असं चालवायला जास्त कसब लागतं. मी वळणाआधी नेहमी एकाच पद्धतीनं खालचा गिअर टाकते. इंजिनाचा सूर वर चढला की बिजली पुढचे पाय थोडे रुंद करते आणि छाती खाली घेते, वळण सुरू व्हायच्या आधी. मी तिला हे शिकवलेलं नाही. तिनं आवाज आणि वळण यांची सांगड स्वतः घातली. एकदा मुद्दाम सरळ रस्त्यावर खालचा गिअर टाकला, तर पाय रुंद करून माझ्याकडे बघायला लागली. पुन्हा तसं केलं नाही. तिचा त्या आवाजावर विश्वास बसलाय, तो मोडायचा कशाला.

टपाबद्दल सांगायचं राहिलं, पण त्यावर डॉक्टर जास्त नीट लिहितील असं वाटतं. डोळे आणि कान हा त्यांचा प्रांत. डॉक्टर, आहात का इथे?

शेपूटवाला_डॉक्टर

आहे, आहे. वळणवेडींच्या प्रतिसादातल्या एअरबॅग आणि हार्नेसच्या मुद्द्यांना पूर्ण पाठिंबा. मी रोज कुत्री तपासतो, तेव्हा आरोग्याच्या बाजूनं लिहितो.

उघड्या टपात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे वारा. ऊन असलं तरी गाडी चालू असताना तुम्हाला गार वाटतं, कारण तुमचा घाम वाऱ्यानं वाळतो. कुत्र्याच्या अंगाला तसा घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना असतात. ते थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी उडवून. त्यामुळे तुम्ही मजेत असता आणि शेजारी काळ्या सीटवर, थेट उन्हात, ते तापत असतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. धाप फार जोरात, लाळ घट्ट आणि चिकट, हिरड्या गडद लाल, चाल अडखळती, यातलं काहीही दिसलं तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि निघा दवाखान्याकडे. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात उघड्या गाडीतून नेऊच नये. त्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते.

उभ्या गाडीत सोडून ‘पाच मिनिटांत आलो’ हा प्रकार तर अजिबात नको. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत ११ अंशांच्या आसपास वाढतं, आणि काच चार बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. या गाड्यांची केबिन लहान, काच आडवी कललेली. मागे मोठी काच असलेल्या कूपेत (दोन दारांच्या, टप न उघडणाऱ्या गाडीत) तर काचेखालची जागा आणखी लवकर भाजते. टप उघडा ठेवून सोडाल तर ऊन डोक्यावर आणि कुत्रं पट्ट्याला बांधलेलं.

डोळ्यांचं म्हणाल तर वाऱ्यानं डोळा कोरडा पडतो आणि धुळीचा कण, किडा वेगानं येऊन बुब्बुळावर ओरखडा काढतो. कुत्र्याला तिसरी पापणी असते, पण ती एवढ्या वेगाच्या वाऱ्यासाठी नाही. कुत्र्यांचे गॉगल मिळतात, चांगले असतात. घरी रोज थोडा थोडा वेळ घालून सवय करा, थेट गाडीत घालू नका.

कानांचा विचार लोक करतच नाहीत. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत. टप उघडा असताना मोठ्या रस्त्यावरचा वाऱ्याचा आवाज माणसालाच बराच वेळ सोसवत नाही, वर सायलेन्सरचा आवाज. सायलेन्सरचा मोठा आवाज करायचं बटण असेल तर ते बंद. बाजूच्या काचा वर, सीटमागे वारा अडवणारी जाळी किंवा काच लावलेली, आणि वेग वाढणार असेल तिथे टप बंद.

कडक सस्पेन्शनच्या गाडीत मळमळ लवकर होते. पिल्लांना जास्त, कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. वाढ झाल्यावर पुष्कळांची आपोआप जाते. सारखी जांभई, जिभल्या चाटणं, लाळ, अंग थरथरणं, ही उलटीच्या आधीची चिन्हं. निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खाऊ घालू नका. तरी थांबत नसेल तर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, प्रवासाच्या निदान दोन तास आधी द्यावं लागतं. ते तुमच्या पशुवैद्यांनी कुत्र्याला तपासून, वजन बघून द्यायचं. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका.

आणि एक चांगली गोष्टही आहे. ही गाडी जमिनीलगत असल्यामुळे म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला उंच गाडीतून उडी मारण्यापेक्षा यात चढणं-उतरणं सोपं जातं. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांच्या मणक्यातल्या चकत्या लवकर सरकतात, त्यांना मात्र हातांनी, छाती आणि मागचा भाग दोन्हीकडून आधार देऊनच उचला.

रात्रपाळी

वळणवेडी ताई, आत्ताच खाली जाऊन हात लावून आलो. गाडी येऊन अर्धा तास झालाय तरी गिअरच्या बाजूचा पत्रा कोमट आहे. आता तिथे बसवणार नाही. माझ्या गाडीत शेजारची एअरबॅग बंद करायची सोय नाही. मग?

वळणवेडी

मग त्या गाडीतून त्याला नेऊ नका. मला माहितेय हे ऐकायला बरं वाटत नाही, पण याला मधला मार्ग मला सापडलेला नाही. पुढे कधी गाडी बदलणार असाल तर मागे पिटुकल्या सीटा असलेल्या गाड्या बघा. टोयोटा ८६ च्या मागच्या सीटची पाठ एकसंध आडवी पडते, पोर्शे ९११ च्या दोन्ही पाठी खाली पडतात. माणसाला त्या जागेत बसवत नाही, सात-आठ किलोच्या कुत्र्याच्या बांधून ठेवलेल्या पिंजऱ्याला ती पुरते, आणि समोर एअरबॅग नसते. ९११ मध्ये इंजिन त्याच्या पाठीशी असतं एवढं लक्षात ठेवा, आवाज आणि ऊब दोन्ही तिथे जास्त. कुठल्याही गाडीत डिकीचं झाकण लावून आत कुत्रं ठेवायचा विचार मात्र करू नका, पुढच्या डिकीचाही नाही.

चौथा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. वळणवेडी ताई, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

माझ्या गाडीत एअरबॅगला किल्लीची सोय आहे, बघून घेतली. चाचणी झालेला हार्नेस मागवतोय. तोवर गाडी बंद ठेवून राणीला फक्त बसायची सवय लावायला सुरुवात केली. पहिल्याच बैठकीत तिनं दाराच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि तशीच राहिली. इंजिन सुरू केलं तेव्हा कान मागे गेले, मग थोड्या वेळानं परत पुढे आले.

एक अडचण आली. कडक उशी घालून सीट सपाट केली तर ती बसल्यावर तिचे कान समोरच्या काचेच्या वर जातात. काय करू?

वळणवेडी

हे फार बरं झालं, आत्ताच बघितलंत. टप उघडा ठेवून एक सरळ काठी घ्या. एक टोक समोरच्या काचेच्या वरच्या चौकटीवर, दुसरं सीटमागच्या गाडी उलटली तर आधार देणाऱ्या कमानीवर. राणी बसलेली असताना तिचं डोकं त्या काठीच्या खाली, निदान चार बोटं खाली, राहिलं पाहिजे. गाडी उलटली तर वाचणारी जागा तेवढीच. वर गेलेला भाग वाऱ्यात असतो तो वेगळाच.

फोम पुढून शून्य आणि मागून फक्त खड्डा भरेल इतकाच ठेवा. कडांच्या उंचीपर्यंत आणायची गरज नाही, कडा तिला बाजूनं टेकायला उपयोगी पडतात. सीट वर-खाली होत असेल तर सगळ्यात खाली घ्या. तरी कान वर आले तर पट्टा थोडा आखडून ती झोपूनच राहील असं बघू नका, त्यानं ती धडपडते आणि गुंतते. अशा वेळी राणी सोबत असताना टप बंद, काचा दोन बोटं खाली. बिजलीचे अर्ध्याहून जास्त प्रवास असेच होतात. तिला वास आले की पुरतं.

आणि पहिली फेरी सकाळी ऊन चढायच्या आत करा, घरापासून पाच-दहा मिनिटांची, शेवटी तिच्या आवडत्या मोकळ्या जागी थांबणारी. उतरवताना आधी इंजिन बंद, मग साखळी हार्नेसला, मग बकल सोडायचं. दार सगळ्यात शेवटी.